भाव कशाचा, किती मापाचा? एआय एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना

एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारा एआय एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणारा प्रोग्रॅम, बांधत होतो. पहिल्याच आठवड्यात एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘आज कोथिंबीर काय भाव?’ एजंटनं लगेच सांगितलं, ‘कोथिंबिरीचा सर्वसाधारण दर ८०० रुपये क्विंटल.’ म्हणजे किलोला आठ रुपये. त्या माणसानं दुसऱ्या दिवशीची काढणी थांबवली. खरा भाव होता शेकडा जुडीला ८०० रुपये, म्हणजे जुडीला आठ. त्या दिवशी माल नेला असता तर चार पैसे हातात आले असते.

मी लॉग, म्हणजे एजंटनं काय काय केलं त्याची नोंद, काढून बसलो. डेटाबेसमधला आकडा बरोबर होता, मॉडेलनं टूलही (माहिती आणून देणारं, आम्ही जोडलेलं छोटं फंक्शन) योग्य निवडलं होतं. चूक टूलच्या एका ओळीच्या वर्णनात होती आणि ती ओळ मीच लिहिली होती: ‘शेतमालाचे बाजारभाव आणतं.’ दर कोणत्या मापाचा, हे कुठंच नव्हतं. कांदा, तूर, सोयाबीन क्विंटलवर जातात, म्हणून मॉडेलनं कोथिंबीरही क्विंटलवर नेली. नवीन मुलगा कामावर ठेवून त्याला एवढंच सांगितलं असतं, तर त्यानंही हेच केलं असतं.

त्यानंतर टूलची वर्णनं लिहिण्याची आमची पद्धत पूर्ण बदलली. तीच पद्धत इथं क्रमानं मांडतो. उदाहरणं बाजारभावाची आहेत, पण तुमचं काम दवाखान्याच्या नोंदींचं असो की पतसंस्थेच्या खात्यांचं, पायऱ्या याच राहतील.

मॉडेलला नेमकं काय दिसतं

एआय मॉडेलं बनवणाऱ्या ओपनएआयनं जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलनं टूल मागवण्याची सोय, आणलं. तशाच अँथ्रोपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही मॉडेलला टूल्स जोडण्याची सामायिक पद्धत खुली केली. कुठल्याही मार्गानं गेलात तरी टूलबद्दल मॉडेलपुढं मुख्यतः तीनच गोष्टी जातात: नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा आराखडा. टूल मॉडेल स्वतः चालवत नाही. ‘हे टूल ही मूल्यं देऊन चालवा’ एवढं ते लिहून देतं, प्रत्यक्ष काम तुमचा प्रोग्रॅम करतो आणि निकाल मॉडेलच्या हाती परत देतो.

तुमचा कोड त्याला दिसत नाही. कोडमधली कॉमेंट, डेटाबेसच्या रकान्यांची नावं, ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ असलेले नियम, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही लिहिलेलं वर्णन हीच त्याची त्या कामाची सगळी माहिती. अँथ्रोपिकच्या मार्गदर्शिकेत टूल नीट वापरलं जाण्यासाठी सविस्तर वर्णन हा सर्वांत महत्त्वाचा घटक मानला आहे आणि प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं लिहा असा सल्ला आहे. माझा अनुभव त्याच्याही पुढचा आहे. ज्या टूलमध्ये मापं, तारखा किंवा पैसे येतात, त्याला आठ-दहा वाक्यं सहज लागतात.

आधी प्रश्न गोळा करा

वर्णन लिहायला बसण्याआधी लोक खरोखर काय विचारतात ते जमवा. आम्ही कंपनीच्या ग्रुपमधले चाळीस प्रश्न, नावं आणि नंबर काढून, एका शीटमध्ये उतरवले. ‘लासलगावला उन्हाळी कितीनं गेला?’ ‘सोयाबीन विकू का थांबू?’ ‘टोमॅटो क्रेट काय चाललंय?’ ‘बाजार चालू आहे का उद्या?’ प्रत्येक प्रश्नापुढं तीन रकाने: कोणतं टूल चालायला हवं, कोणत्या मूल्यांनी, आणि टूल चालवायचंच नसेल तर एजंटनं काय बोलावं.

हा शेवटचा रकाना फार उपयोगी ठरला. ‘विकू का थांबू’ याचं उत्तर आमच्या कुठल्याही टूलमध्ये नव्हतं, तरी मॉडेल भावाचं टूल चालवून त्यातून सल्ला काढत होतं. शीट नसती तर हे महिनाभर कळलं नसतं. पुढं तपासणीही याच शीटवर करायची आहे, म्हणून ती जपून ठेवा.

नाव

नावावर जास्त वेळ घालवू नका, पण ते चुकीचंही ठेवू नका. बहुतेक एपीआय (मॉडेलशी प्रोग्रॅम जोडण्याची सोय) नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच घेतात आणि लांबीलाही मर्यादा घालतात, अनेक ठिकाणी ६४ अक्षरांची. इथं वाचायला सोपं जावं म्हणून मी नावं देवनागरीत लिहितोय. ‘डेटा_आणा’ हे नाव काहीच सांगत नाही, ‘बाजारभाव_शोधा’ पुरेसं सांगतं. खरा घोटाळा होतो तो जवळजवळच्या नावांचा. आमच्याकडं ‘भाव_मिळवा’ आणि ‘दर_मिळवा’ अशी दोन टूल्स होती, एक बाजार समितीच्या भावाचं आणि दुसरं हमीभावाचं. खरीप २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, बाजारात त्या दिवशी काय निघालं ही वेगळीच गोष्ट. दोन्हींना माणसं ‘भाव’च म्हणतात. नावं ‘बाजारभाव_शोधा’ आणि ‘हमीभाव_सांगा’ केली आणि दोन्ही वर्णनांत एकमेकांचा उल्लेख घातला, तेव्हा ही गल्लत थांबली.

वर्णन

इथं घाई करू नका. आधी आमचं आजचं वर्णन इथं पूर्ण मराठीत उतरवून देतो, मग प्रत्येक वाक्य तिथं का आहे ते बघू.

> एका शेतमालाचे, एका दिवसाचे, बाजार समितीतल्या लिलावाचे भाव देतं. ‘आज भाव काय’, ‘बाजार कसा निघाला’, ‘काल कितीनं गेला’ अशा प्रश्नांसाठी वापरावं. अनेक दिवसांची तुलना किंवा चढउतार हवा असेल तर भाव_इतिहास वापरावं, सरकारी आधारभूत किमतीसाठी हमीभाव_सांगा वापरावं. किरकोळ दुकानातले भाव आणि पुढचा अंदाज यात नाही. प्रत्येक ओळीत बाजार समिती, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर येतो. दर रुपयांत असतो आणि तो त्याच ओळीतल्या परिमाणाचा असतो: क्विंटल, २० किलोचं क्रेट किंवा शेकडा जुडी. परिमाण सांगितल्याशिवाय दर सांगू नये. एकच आकडा सांगायचा असेल तर सर्वसाधारण दर सांगावा, जास्तीत जास्त दर एकटा सांगू नये. ओळ आली नाही तर त्या दिवशी लिलाव झाला नाही किंवा नोंद अजून आली नाही असं समजावं, भाव शून्य आहे असं समजू नये.

पहिलं वाक्य टूल काय करतं ते सांगतं आणि त्यातच मर्यादा घालतं: एक शेतमाल, एक दिवस. दुसऱ्या वाक्यात मी मुद्दाम लोकांचे शब्द ठेवले आहेत. शेतकरी ‘घाऊक दर दाखवा’ असं म्हणत नाही, तो ‘बाजार कसा निघाला’ म्हणतो. गोळा केलेल्या प्रश्नांतले दोन-तीन शब्दप्रयोग वर्णनात तसेच घाला. निवड सुधारते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलं.

मग येतं ‘कधी वापरू नये’. नव्या लोकांच्या वर्णनात हे वाक्य जवळजवळ कधीच नसतं. ते लिहिताना नुसतं ‘वापरू नये’ म्हणून थांबू नका, मग कुणाकडं जायचं तेही सांगा. रस्ता बंद असल्याची पाटी लावली की पर्यायी रस्त्याची पाटीही लावावी लागते. पर्यायी टूल नसेल तर ‘ही माहिती उपलब्ध नाही असं सांगावं’ एवढं लिहा.

परिमाणाचं वाक्य कोथिंबिरीनं शिकवलं. राज्याच्या पणन मंडळाच्या भावाच्या तक्त्यातही परिमाण हा स्वतंत्र रकाना असतो, त्याला कारण आहे. महाराष्ट्राच्या बाजारात एकच माप चालत नाही. कांदा क्विंटलवर, टोमॅटो क्रेटवर, पालेभाजी शेकडा जुडीवर. कंपनीत लिलावाचं काम बघणाऱ्या काकांना मी वर्णनाचा कागद वाचायला दिला. त्यांनी ‘क्रेट’ शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘अरे, किती किलोचं क्रेट ते लिही की. दुसरीकडचा माणूस वाचेल तर त्याला काय कळणार?’ त्यामुळं ‘क्रेट’चं ‘२० किलोचं क्रेट’ झालं.

सर्वसाधारण दराचं वाक्यही काकांचंच. कमीत कमी ८००, जास्तीत जास्त २,४०० आणि सर्वसाधारण १,६५० असा कांदा निघाला, तर २,४०० दोन-चार निवडक वक्कलांना, म्हणजे मालाच्या ढिगांना, मिळालेला असतो. एजंटनं तेवढाच आकडा सांगितला तर शेतकरी त्या आशेवर गाडी भरतो. हे ज्ञान कोडमध्ये नसतं, ते अडत्याकडं, हमालाकडं, लिलावाला रोज उभं राहणाऱ्याकडं असतं. वर्णन लिहिणाऱ्यानं एकदा तरी त्यांच्याबरोबर बसावं, असं मी आग्रहानं सांगतो.

शेवटचं वाक्य रिकाम्या निकालाचं. बाजार समित्या सुटीला बंद असतात. नाशिक भागात अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती. त्या दिवशी रिकामी यादी येणारच. रिकाम्या यादीचा अर्थ सांगितला नाही तर मॉडेल काहीतरी अर्थ लावतंच. आमच्या एजंटनं एकदा ‘आज कांद्याला मागणी नाही’ असं सांगून टाकलं होतं.

पॅरामीटर

इथला नियम साधा आहे: अंदाज लावायला जागा ठेवू नका.

तारीख घ्या. ‘तारीख’ असं नाव आणि ‘मजकूर’ असा प्रकार देऊन सोडलं तर ‘काल’, ‘३/११’, ‘३ नोव्हेंबर’ असं काहीही येतं. ३/११ म्हणजे अकरा मार्च की तीन नोव्हेंबर? म्हणून पॅरामीटरच्या वर्णनात लिहा: ‘वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, उदाहरणार्थ २०२५-११-०३. दिली नाही तर नोंद असलेला सर्वांत ताजा दिवस घेतला जातो.’ आणि आजची तारीख सिस्टम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत, द्या, कारण मॉडेलला ती आपोआप माहीत नसते. अँथ्रोपिकनं सप्टेंबर २०२५ मध्ये आपला असाच एक अनुभव लिहिला होता. त्यांच्या वेब सर्च टूलमध्ये मॉडेल शोधशब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडत होतं आणि निकाल बिघडत होते. टूलचं वर्णन सुधारल्यावर ते थांबलं.

पॅरामीटरची मूल्यं ठरलेली असतील तर त्यांची यादी स्कीमातच द्या, अशा यादीला एनम म्हणतात. कांद्याची जात हा आमच्याकडं एनम आहे: लाल, उन्हाळी, पोळ, पांढरा, लोकल. बाजार समित्यांची नावं मात्र जास्त त्रास देतात. लासलगाव मुख्य बाजार आणि विंचूर, निफाड हे त्याचे उपबाजार तक्त्यात वेगवेगळ्या नावांनी येतात. शेतकरी ‘लासलगाव’ म्हणतो तेव्हा त्याला कोणता हवा असतो? आम्ही ठरवलं: नुसतं लासलगाव दिलं तर तिन्ही ओळी परत करायच्या, आणि हे पॅरामीटरच्या वर्णनात लिहायचं.

जिल्ह्यांची नावं हा आपल्याकडचा खास प्रश्न. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या नोंदी जुन्या नावानं आहेत, लोक दोन्ही नावं बोलतात. याचा भार वर्णनावर टाकू नका. कोडमध्ये दोन्ही नावं स्वीकारा, वर्णनात फक्त एवढं लिहा की जुनं-नवं कोणतंही नाव चालेल. जे काम कोड खात्रीनं करू शकतो, ते मॉडेलला शब्दांत समजावत बसायचं नाही.

याचं एक चांगलं उदाहरण डिसेंबर २०२४ मधलं आहे. अँथ्रोपिकच्या लोकांनी कोड दुरुस्त करणारा एजंट बांधताना पाहिलं, की मुख्य फोल्डरमधून बाहेर पडल्यावर मॉडेल फाइलचा सापेक्ष पत्ता, म्हणजे आपण आहोत त्या फोल्डरपासूनचा पत्ता, चुकीचा देतं. त्यांनी समजावण्याऐवजी टूलच बदललं, पूर्ण पत्ता देणं सक्तीचं केलं, आणि ती चूक बंद झाली. जपानी कारखान्यांत याला पोका-योके म्हणतात, म्हणजे चुकीच्या बाजूनं भाग बसणारच नाही अशी खाच ठेवणं.

परत काय येतं

वर्णन कितीही चांगलं असलं तरी निकालातल्या प्रत्येक ओळीत परिमाण पुन्हा छापा. ‘दर: ८००’ असं देऊ नका, ‘सर्वसाधारण दर: ८०० रुपये प्रति शेकडा जुडी’ असं द्या. संवाद लांबला की आधी वाचलेलं वर्णन दूर राहतं आणि समोरचा निकाल जवळ असतो. आतले आयडी, तयार केल्याच्या वेळा, रिकामे रकाने काढून टाका. प्रत्येक जास्तीचा रकाना टोकन (मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचतं ते) खातो आणि लक्षही खातो.

चूक झाली की टूल जो संदेश परत देतं, तो वर्णनाचाच दुसरा भाग समजा. आमचं टूल पूर्वी ‘अवैध इनपुट’ एवढंच परत द्यायचं, आणि मॉडेल तीच चूक तीनदा करायचं. आता ते सांगतं: ‘“गावरान” ही जात यादीत नाही. उपलब्ध जाती: लाल, उन्हाळी, पोळ, पांढरा, लोकल. शेतकऱ्याला गावठी उन्हाळ कांदा म्हणायचा असेल तर उन्हाळी वापरा, खात्री नसेल तर विचारा.’ दुसऱ्या प्रयत्नात काम होतं.

लिहिणारी, पाठवणारी, पुसणारी टूल्स

भाव वाचणारं टूल चुकलं तर दुसरं उत्तर देता येतं. ‘सौदा_नोंदवा’ किंवा ‘सर्वांना_संदेश_पाठवा’ चुकलं तर ते परत घेता येत नाही. अशा टूलच्या पहिल्या वाक्यातच परिणाम लिहा: ‘हे चालवताच गटातल्या सर्व सभासदांना संदेश जातो, तो मागे घेता येत नाही. मजकूर आणि किती जणांना जाणार हे दाखवून होकार मिळाल्यावरच चालवावं.’ एमसीपीमध्ये फक्त वाचणारं टूल, नुकसान करू शकणारं टूल अशा खुणा करता येतात. त्या करा, पण त्या केवळ सूचना आहेत. खरी परवानगी कोडमध्ये अडवा.

दुसऱ्याचं एमसीपी सर्व्हर, म्हणजे तयार टूल्स पुरवणारा प्रोग्रॅम, जोडत असाल तर त्यातल्या टूल्सची वर्णनं स्वतः वाचा. मॉडेल ती सूचना म्हणूनच वाचतं. एप्रिल २०२५ मध्ये एआय सुरक्षेवर काम करणाऱ्या इन्व्हेरियंट लॅब्जनं दाखवून दिलं, की वर्णनात लपवलेल्या ओळींनी एजंटकडून खासगी माहिती बाहेर काढता येते.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मोठी मॉडेलं मराठी वर्णनं नीट समजतात. पण तोच अर्थ देवनागरीत लिहायला टोकन जास्त लागतात, आणि वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर जातात. आम्ही वर्णनाचा सांगाडा इंग्रजीत ठेवतो आणि लोकांच्या तोंडचे शब्द, एनममधली मूल्यं, परिमाणं मराठीतच ठेवतो. ‘शेकडा जुडी’चं भाषांतर करून पाहिलं, तर उत्तर मराठीत येताना मॉडेल ‘शंभर गुच्छ’ लिहायला लागलं. शेतकऱ्याला ते परकं वाटतं. टीममध्ये सगळे मराठीच वाचणारे असतील तर पूर्ण मराठीत लिहा. जे वर्णन तुमच्या लोकांना वाचून दुरुस्त करता येतं, तेच टिकतं.

तपासणी

आता ती चाळीस प्रश्नांची शीट काढा. प्रत्येक प्रश्न चालवा आणि उत्तर वाचण्याआधी लॉग वाचा: कोणतं टूल निवडलं, कोणती मूल्यं दिली, किती वेळा चालवलं. उत्तर योगायोगानं बरोबर येऊ शकतं, लॉगमध्ये खरं काय ते दिसतं. प्रत्येक प्रश्न तीन-चार वेळा चालवा, कारण मॉडेल दर वेळी तसंच वागेल असं नाही.

एका वेळी एकच वाक्य बदला. वर्णन गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवा आणि बदलाबरोबर कारण लिहा, ‘कोथिंबिरीचा दर क्विंटलमध्ये सांगितला, म्हणून परिमाणाचं वाक्य घातलं’ असं. सहा महिन्यांनी कुणीतरी टोकन वाचवायला ते वाक्य काढायला निघेल, तेव्हा हीच नोंद ते वाचवेल. दोन टूल्समध्ये सतत गोंधळ होत असेल तर आधी ती एकत्र करता येतील का बघा. ओपनएआयची ढोबळ सूचना एका वेळी वीसपेक्षा कमी फंक्शन्स ठेवण्याची आहे. आम्ही चौदाची आठ केली आणि चुका स्पष्ट कमी झाल्या. ओपनएआयच्याच मार्गदर्शिकेतली आणखी एक कसोटी आम्ही रोज वापरतो: मॉडेलला दिलंय तेवढंच एखाद्या नव्या इंटर्नच्या हाती दिलं, तर त्याला हे फंक्शन बरोबर वापरता येईल का? त्यानं जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं वर्णनात घाला.

आमच्या शीटमधला एक प्रश्न शेवटपर्यंत अडत होता: ‘आमच्याकडं कांदा कसा चाललाय?’ आमच्याकडं म्हणजे कुठं, हे टूलला माहीत नव्हतं आणि मॉडेल दर वेळी लासलगाव धरायचं. बाजार समितीच्या पॅरामीटरमध्ये एक वाक्य घातलं: ‘शेतकऱ्यानं गाव किंवा बाजार सांगितला नसेल तर स्वतः ठरवू नये, एकदा विचारावं.’ आता एजंट विचारतो, ‘दादा, माल कोणत्या बाजाराला नेता?’, समोरून ‘पिंपळगाव’ असं उत्तर येतं, आणि मग टूल चालतं.